पाण्यात हात घालण्याआधी

यवतमाळ,
एप्रिल महिना

चि. मनू,


तू पाठवलेला फोटो पाहिला. टाकी देखणी झाली आहे. खाली काळी रेती, मागे हिरव्या वेली, चार गुबगुबीत गोल्डफिश आणि काचेला नाक लावून उभा असलेला आपला चिंटू. तुझ्या आईने तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मी मात्र तो मोठा करून टाकीच्या खालची बाजू पाहत बसलो. जन्मभर लोकांच्या घरात वायरिंग केलं, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते. टाकीच्या बरोबर खाली, फरशीवर, एक्स्टेंशन बोर्ड आडवा पडलेला आहे. त्याच्या एका खाचेत मल्टिप्लग, मल्टिप्लगात दोन टू-पिन. फिल्टरची वायर टाकीच्या काठावरून सरळ खाली बोर्डात उतरलेली. हवेचा पंप स्टँडच्या खालच्या कप्प्यात. आणि वर काचेच्या काठाला, पाण्यावर वाकलेला, चिमट्याचा छोटा पंखा.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू ‘हो मामा, बघते’ म्हणतेस आणि कुकरची शिट्टी होते. हे पत्र जावईबापूंनाही वाचायला दे. पुसदला तुमच्याकडे जो वायरमन येतो, त्यालाही दाखव.

आपल्याकडे कूलर काय करतो ते तुला वेगळं सांगायला नको. मार्च सरला की विदर्भातल्या वर्तमानपत्रांत त्या बातम्या सुरू होतात: कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागला आणि बाई गेली, खेळता खेळता पोराने जाळीला हात लावला आणि पोर गेलं. महावितरण दर उन्हाळ्यात तेच आवाहन करते: पाणी भरण्याआधी कूलर बंद करा, प्लग काढा, थ्री-पिनच वापरा, अर्थिंग तपासा. देशभरात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांचा आकडा अलीकडे दर वर्षी दहा हजारांच्या वर असतो. त्यात शेतातल्या तारा आल्या, मोटरपंपाचे स्टार्टर आले आणि आपल्या बैठकीतला कूलरही आला.

आता मला सांग, कूलरच्या टाकीत बुडालेली ती मूठभर मोटर आणि तुझ्या फिश टँकमधला फिल्टर, या दोघांत फरक काय? काहीच नाही. तेच तांब्याचं वेटोळं, तेच राळेसारखं रसायन ओतून सील केलेलं, तेच चुंबकाचं चाक. कितीतरी जण फिल्टर बिघडला की कूलरचीच मोटर टाकीत सोडतात. सील शाबूत आहे तोवर पाणी आणि 230 व्होल्ट एकमेकांपासून दूर असतात. ऊन-थंडीने, गाळाने, कोरडं चालून तापल्याने त्या सीलला केसाएवढी भेग पडली, की पाण्यात करंट उतरतो. मोटर मात्र पूर्वीसारखीच फिरत राहते.

कूलरपेक्षा टाकीचा धोका एका बाबतीत वाढीव आहे. कूलरच्या पाण्यात आपण मुद्दाम हात घालत नाही. टाकीत घालतो. काच पुसायला, रेती हलवायला, मेलेला मासा काढायला कोपरापर्यंत हात आत जातो. बहुतेक वेळा आपण अनवाणी असतो आणि बादलीतलं पाणी फरशीवर सांडलेलं असतं. करंटला याहून सरळ वाट मिळत नाही: हातातून छातीत, छातीतून पायात, पायातून जमिनीत.

इथे एक गैरसमज खोडायचा आहे, कारण तो मी चांगल्या शिकलेल्या घरांत ऐकला आहे. ‘मासे मजेत फिरताहेत, म्हणजे पाण्यात करंट नाही.’ मनू, हे साफ चूक आहे. टाकी काचेची, तिचा जमिनीशी संबंध नाही. करंट उतरला तर सगळं पाणीच 230 व्होल्टवर जाऊन बसतं आणि मासाही त्याच पाण्याबरोबर त्याच पातळीवर असतो. त्याच्या अंगातून करंट वाहायला कारणच उरत नाही. विजेच्या तारेवर बसलेल्या कावळ्याचं जे असतं, तेच त्याचं. तू हात घातलास की मात्र वाट पूर्ण होते. तेव्हा माशांकडे पाहून पाण्याची खात्री करू नकोस. टेस्टर पाण्यात बुडवूनही नको. टेस्टर पेटला नाही म्हणजे धोका नाही, असं कुठलाही जाणता वायरमन म्हणणार नाही.

दुसरा गैरसमज एमसीबीचा. तुमच्या नव्या बोर्डावर एमसीबी आहेत, त्यामुळे जावईबापू निर्धास्त असतील. थोडं गणित करू. ओल्या अंगाचा रोध साधारण 1000 ओहम धर. 230 ला 1000 ने भाग, 0.23 ॲम्पियर आले. म्हणजे 230 मिलिॲम्पियर, माणूस मारायला पुरेसे. आणि 100 वॅटचा हिटर नेहमीच्या कामात किती घेतो? 0.43 ॲम्पियर. म्हणजे मरणाऱ्या माणसाच्या अंगातून जाणारा करंट एका छोट्या हिटरच्या निम्माच असतो. 6 ॲम्पियरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसासाठी लागणारं यंत्र वेगळं आहे.

त्या यंत्राची गोष्ट सांगतो, कारण मला ती फार मोलाची वाटते. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात चार्ल्स डॅलझील नावाचे प्राध्यापक होते. करंट किती झाला की माणसाला हातातली तार सोडता येत नाही, हे त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर मोजून पाहिलं: 134 पुरुष आणि 28 बायका. पुरुषांचा सरासरी आकडा निघाला 16 मिलिॲम्पियर, बायकांचा साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. लहान मुलांवर असा प्रयोग कोण करणार? पण त्यांचा आकडा याहून कमीच धरायला हवा, हे उघड आहे. एवढा थोडा करंट ओळखून लाइन तोडणारं यंत्र डॅलझील यांनी 1961 मध्ये बनवलं. त्याच घराण्यातलं आपल्याकडचं यंत्र म्हणजे आरसीसीबी. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात.

काम सरळ आहे. फेजमधून जितका करंट गेला, तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. मध्ये कुठे तो माणसाच्या अंगातून जमिनीत गळला, तर दोन्ही आकड्यांत फरक पडतो. हा फरक 30 मिलिॲम्पियर होईतो यंत्र खटका पाडतं, आणि तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. अंगातून फक्त 30 मिलिॲम्पियरच जाऊ देतं, असं मात्र समजू नकोस. जितका जायचा तितका जातोच, फक्त क्षणभर. झटका बसेल, ओरडशील, पण हृदयाची लय बिघडण्याआधी लाइन तुटलेली असेल. अर्थिंग नसलं तरी हे यंत्र माणसाच्या अंगातून गळणारा करंट ओळखतं. टाकीच्या टू-पिन उपकरणांना अर्थिंगची तारच नसते. कूलरला अर्थिंग उपयोगी पडतं, कारण त्याचं अंग लोखंडी असतं. इथे पाणी हेच अंग, आणि त्याला तार जोडलेली नाही. म्हणून टाकीसाठी मी आरसीसीबीला पहिलं स्थान देतो.

घराचं अर्थिंग मात्र तरीही तपासून घ्या. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि खड्ड्यातल्या पाइपापासून सुटते. पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात, नेमक्या कूलरच्या दिवसांत, नावापुरतं उरतं. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा.

आता जिथे माझा जीव अडकला आहे ती गोष्ट. तुझी आई म्हणाली, तुमच्याकडे आरसीसीबी होती, पण ‘सारखी पडायची म्हणून काढून टाकली’. मनू, हे वाक्य मी यवतमाळात, दारव्ह्यात, वणीत, कुठे कुठे ऐकलं नाही! यंत्र पडतं, कारण कुठेतरी करंट गळतो आहे, किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधले आहेत. जुन्या घराला नवी खोली जोडली की हे हमखास होतं. इन्व्हर्टर बसवताना त्याचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळला, तरीही होतं. मग वायरमन दिवसभर शोधत बसत नाही, यंत्र बायपास करतो आणि घरमालक खूश होतो. हा दोष शोधता येतो. एकेक सर्किट सुटं करायचं, मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, मोजायचं, न्यूट्रल वेगळे करायचे. एका दिवसाचं काम आहे, त्याची मजुरी द्या. आरसीसीबी पुन्हा लावाल तेव्हा वर 30 मिलिॲम्पियर लिहिलेलं पाहून घ्या. 100 आणि 300 ची यंत्रंही दुकानात असतात, पण ती आगीपासून बचावासाठी, माणसासाठी नाहीत. यंत्रावर ‘टी’ लिहिलेलं बटन असतं. दर महिन्याला, लाइट बिल आलं की, ते दाबायचं. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर यंत्र बदलायचं.

आणि इन्व्हर्टर. लाइन गेली की मासे तडफडू नयेत म्हणून तू टाकीचा बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला आहेस. हेतू चांगला आहे. पण त्यामुळे दोन गोष्टी बदलतात. आरसीसीबी मीटरजवळ असेल आणि इन्व्हर्टर तिच्या पुढे, तर लाइन गेल्यावर टाकीला मिळणारी वीज बॅटरीतून येते. त्या विजेवर मीटरजवळच्या यंत्राची नजर नसते. तेव्हा टाकीच्या बोर्डासाठी इन्व्हर्टरच्या पुढे वेगळी आरसीसीबी हवी. दुसरी गोष्ट: मेन स्विच पाडला म्हणजे घर मेलं, असं आपण धरून चालतो. तुमच्या घरात मेन पाडला तरी टाकी जिवंतच राहते. आणि भिंतीवरचं बटन बंद केलं, तर? वायरिंगमध्ये फेजऐवजी न्यूट्रलवर बटन बसवलेलं असेल, तर बटन बंद असतानाही उपकरणात फेज उभाच असतो. अशी घरं मी पाहिली आहेत. म्हणून भरवसा एकाच गोष्टीचा धर: पाण्यात हात घालण्याआधी टाकीचे सगळे प्लग बाहेर. फिल्टर, लाइट, हिटर, पंखा, सगळे. चिंटूच्या देखत कर. तो पाहून शिकतो.

फोटोतल्या गोष्टींकडे येतो. बोर्ड टाकीखालून काढा. काच झिरपली, पाणी बदलताना नळी सुटली, मासा उसळला, काहीही झालं तरी पाणी खालीच येतं. बोर्ड टाकीच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर, भिंतीवर पक्का ठोका. प्रत्येक वायर बोर्डाच्याही खाली झोल देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो, प्लगात शिरत नाही. मल्टिप्लग फेकून दे.

हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. लाइन गेली आणि पंप थांबला की टाकीतलं पाणी नळीने उलटं ओढलं जातं, पंपात शिरतं, आणि लाइन परत आली की भिजलेल्या पंपात वीज येते. आपल्याकडे लाइन जाते किती वेळा, हे तुला माहीत आहे. पंप वर टांग. वर जागाच नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसव. माशांच्या दुकानात तो किरकोळ किमतीत मिळतो. फुंकून बघ: ज्या बाजूने हवा जाते, ती बाजू पंपाकडे ठेवायची.

तो चिमट्याचा पंखा आजच काढ. कल्पना चुकीची नाही. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर वारा घातला की पाणी थंड होतं, कूलर त्याच तत्त्वावर चालतो. पण चिमटा सुटला तर 230 व्होल्टचा पंखा थेट पाण्यात. त्याऐवजी कॉम्प्युटरमधला 12 व्होल्टचा छोटा पंखा लाव, अडॅप्टर मात्र चांगल्या कंपनीचा आणि टाकीपासून दूर. वाऱ्याने पाणी भराभर उडतं, त्यामुळे रोज पातळी पाहा. पाणी उतरलं की मोटर उघडी पडते, कोरडी चालते, तापते, आणि सीलला भेग तिथेच पडते.

टाकीत हिटर कशासाठी लावलास, हे तर मला कळलंच नाही. गोल्डफिश थंड पाण्यातले मासे. त्यांना पुसदच्या थंडीत हिटर लागत नाही, एप्रिलमध्ये तर विचारायलाच नको. दुकानदाराने सेटमध्ये दिला म्हणून तू लावलास. काढून ठेव. पण काढताना आधी प्लग, मग पंधरा-वीस मिनिटं थांब, मगच पाण्याबाहेर. तापलेली काचेची नळी हवेत आली की अतोनात तापते आणि पुन्हा पाण्यात बुडवली की तडकते. आत उघडी तापलेली तार असते. पुढे कधी गप्पी, मोली, फायटर आणलेस आणि डिसेंबर-जानेवारीत गरज पडली, तर लाव. पण आरसीसीबी बसल्यावरच.

माझं ऐकशील तर फिल्टरही बदल. स्पंजचा फिल्टर मिळतो, तो बाहेरच्या हवेच्या पंपावर चालतो. पाण्यात फक्त हवा जाते, वीज जातच नाही. चार गोल्डफिश घाण फार करतात, म्हणून एकाऐवजी दोन स्पंज ठेव आणि पाणी वेळेवर बदल. एवढ्या टाकीला ते पुरेल. दिसायला तो फिल्टर ओबडधोबड आहे, बुडबुड्यांचा आवाजही होतो, हे खरं. तरी लहान पोर असलेल्या घरात मी दुसरं काही सुचवणार नाही.

आतली मोटर ठेवायचीच असेल, तर तिच्यावरची पट्टी वाच. टाकीच्या उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाचं स्वतंत्र मानक आहे, क्रमांक 60335-2-55. त्याचा उल्लेख आणि पाण्यात बुडून चालण्याची आयपीएक्स8 ही खूण असलेला माल घे. वायर कुठे चिरली, कडक झाली, तिला हिरवट डाग आले, तर टेप मारून चालवायचं नाही. पाण्यातल्या मोटरच्या वायरला जॉइंट नसतोच. मोटर टाकून द्यायची. पाण्याला बोट लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर ‘इतकं चालतं’ म्हणू नकोस. प्लग काढ आणि त्या दिवसापासून ती मोटर बंद.

एक गोष्ट लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. घरात कुणी टाकीला चिकटलेलं दिसलं, तर धावत जाऊन त्याला धरायचं नाही. कितीही आपलं माणूस असो. आधी प्लग ओढ. प्लगपर्यंत जाता येत नसेल तर मेन आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद. तेही जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने दूर सार, पायाखाली कोरडी जागा पाहून. माणूस सुटला आणि श्वास नसेल, तर 108 ला फोन लावून स्पीकरवर ठेव आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर दबेल इतकं. लहान मुलासाठी एका तळव्याने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश इतकं. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. हे वाचून येत नाही, करून येतं. तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात विचार, शिकवणारं कुणीतरी भेटेल. तू आणि जावईबापू, दोघंही शिका.

मी पुढच्या आठवड्यात दिग्रसला एका लग्नाला येणार आहे, तिथून पुसदला उतरेन. मेगर बरोबर आणतो. वायरमनला त्या दिवशी सकाळी बोलावून ठेव. बोर्डाचं झाकण उघडून न्यूट्रल कुठे मिसळले आहेत ते आम्ही दोघं मिळून शोधू. दोन पोलची, 25 ॲम्पियर, 30 मिलिॲम्पियरची आरसीसीबी तिथल्या दुकानात मिळते का, ते जावईबापूंना विचारायला सांग. नसेल तर मी दत्त चौकातून घेऊन येतो. दोन स्पंज फिल्टर आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही आणतो. तोवर हिटर आणि पंखा बाहेर, बोर्ड टाकीखालून वर, एवढं आजच कर आणि फोटो पाठव. या वेळी टाकीखालचा.

चिंटूला गोड पापा. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
मामा